पारूमावशीचा दिवस

पारूमावशीला भाव विचारायची सोय नव्हती. पनवेलच्या मासळीबाजारात तिच्या पाटीसमोर कुणी "कसे दिले?" म्हटलं, की ती माशाचा कल्ला उचलून दाखवायची. "आदी बघ बाला, मंग तोंड उघड." तिचं स्वतःचं तोंड मात्र सकाळी उरणहून निघाल्यापासून चालू. गिऱ्हाईक, पोलीस, मांजर, कुणालाही सोडायची नाही. मीही पुष्कळ बोलणी खाल्ली आणि दर रविवारी मुकाट तिच्याकडेच गेलो.

२०१२-१३च्या सुमारास आम्ही चार टवाळ उत्स्फूर्त विनोदी प्रयोग करायचो. संहिता वगैरे काही नाही. प्रेक्षकांतल्या एकाला मंचावर बसवायचं आणि त्याचा रोजचा दिवस अंदाजाने करून दाखवायचा. बरोबर असेल तर त्याने घंटा वाजवायची, चुकलं तर थाळी बडवायची. मावशीला मी दोन पास दिले. ती नवऱ्याला घेऊन आली. हिराजीची पूर्वी स्वतःची होडी होती, आता तो बंदरात कामाला जायचा. तो तिसऱ्या रांगेत बसला, मावशीला मी वर बोलावलं. म्हटलं, आज हशा फुकटात!

बाजार, गिऱ्हाईक, तिचं भांडण, सगळ्याला घंटा. मग खेळात संध्याकाळ आली आणि मी तिचा नवरा झालो. "आलीस?" थाळी. "दमलीस का गं?" थाळी. ओरडलो, लाडात आलो, तरी थाळीच. लोक हसून बेजार आणि मला घाम फुटलेला. शेवटी काही सुचेना म्हणून पाठ फिरवून गप्प बसलो.

घंटा वाजली.

"आता बराबर," मावशी म्हणाली. "तो माज्याशी बोलत नाय. अकरा वरसं झाली. होडी इकली तवा बंदरावर सगल्यांम्होरं मी त्याला भित्रा बोल्ले. तवापासून."

मी हादरलोच. इतकी वर्षं हिच्याकडून मासे घेतले आणि मला पत्ता नाही! खेळ थांबवावा कसा, तेही समजेना.

ती तिसऱ्या रांगेकडे बघत होती. "घरी सांगाया गेले का तू उठून जातोस. चारचौघांत बोल्ले, चारचौघांत माफी मागते. चुकी माजी होती."

हिराजी उठला. दरवाजाकडे दोन पावलं गेला. मग तो वळून मंचाच्या पायरीशी आला.

"हलू उतर," तो म्हणाला. "पायरी उंच हाय."