जातो म्हणू नये

घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हा नियम मला कधीच पटला नाही. माणूस जातोय तर जातोय. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत ‘येतो’ म्हणणं म्हणजे धडधडीत खोटं बोलणं, असं माझं ठाम मत होतं. तशी त्या काळात माझी सगळीच मतं ठाम होती. मी विशीतला होतो, मुलुंडच्या एका कारखान्यात लेथवर काम करत होतो, घाटकोपरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो, आणि जगात जे काही चाललंय ते चुकीचं चाललंय याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

पाळीला निघताना मी मुद्दाम मोठ्यानं ‘जातो’ म्हणायचो. शेगडीपुढून आई ओरडायची, “मेल्या, जातंय म्हणा नको, येतंय म्हण! जिभेक काय हाड आसा की नाय?” मी डबा विसरलो तरी ती मागून हाक मारायची नाही. जाणाऱ्याला मागून हाक मारली की त्याचं वाईट होतं, असं ती मानायची. त्यापेक्षा डबा घेऊन धापा टाकत दोन जिने उतरायची, गल्लीत मला गाठायची, ओलांडून पुढे व्हायची आणि समोरून डबा हातात द्यायची. “अगं, हाक मारली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?” मी चिडायचो. ती पदरानं घाम पुसत परत फिरायची.

चाळीत मला ‘वकील’ म्हणत. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी मारणाऱ्याकडून अख्खा जिना धुऊन घ्यावा, हे माझं मत. बायका सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं का जेवतात, हा माझा सवाल. तो मी स्वतः पहिल्या पंगतीत बसून विचारायचो, ते सोडा. मुलगी बघायला येणाऱ्यांनी पोहे चापून ‘कळवतो’ म्हणायचं आणि कळवायचंच नाही, याची तर मला चीड होती. आणि ‘बघू’ या शब्दावर कायद्यानं बंदी आणावी असं मी गॅलरीत उभं राहून सांगत असे. आपला माणूस ‘नाही’ म्हणत नाही. तो ‘बघू’ म्हणतो आणि समोरच्याला आशेवर टांगून ठेवतो.

या सगळ्याला हसणारी एकच होती. ती आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. जात आमची एकच, गावंही कोकणात जवळजवळची. पण तिचे वडील कोट घालून फोर्टातल्या ऑफिसात जात आणि माझे वडील गिरणीत, म्हणून ते स्वतःला आमच्याहून अर्धी पायरी वर समजत. आम्ही दोघं मात्र एकाच गॅलरीत वाढलो होतो, तेव्हा अरे-तुरेच चालायचं. सकाळी ती कठड्याशी केस विंचरत उभी असायची.

“येतो म्हण,” ती म्हणायची.

“जातो.”

“म्हण ना रे येतो. तुझं काय जातं?”

“जातंच की. आत्ता तूच म्हणालीस.”

मग ती फणी उगारायची. मी जिना उतरेपर्यंत तिचं हसू ऐकू यायचं.

ती मॅट्रिक झाली आणि घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. त्याच सुमारास आमच्या नाक्यावर सरकारी दूध केंद्र उघडलं. केंद्रावर शिकलेल्या मुली हव्या होत्या. तिला ते काम करायचं होतं, पण तिचे वडील ऐकेनात. “माझी मुलगी रस्त्यावर उभी राहून बाटल्या विकणार? लोक गवळण म्हणतील.” झालं, वकिलाला खटला मिळाला. मी गॅलरीत त्यांच्याशी तासभर भांडलो. शिकलेली मुलगी घरात बसवणं म्हणजे धार लावलेली सुरी फडताळात ठेवणं, वगैरे वगैरे. शेवटी म्हणालो, “काका, मुलगी मुलगी काय करता? मुलगाच समजा तिला!”

“बघू,” ते म्हणाले.

पण त्या वेळी त्यांनी खरोखरच बघितलं. दुसऱ्या आठवड्यात ती पदर खोचून केंद्राच्या खिडकीमागे उभी होती. आमच्या घरचं दूध तोवर आई आणायची, ते काम मी मागून घेतलं. रिकाम्या बाटल्या घेऊन मी रांगेत उभा राहायचो. माझा नंबर आला की ती ओळख न दाखवता “कार्ड?” म्हणायची आणि मान खाली घालून हसू दाबायची. मला ती किती आवडते हे मला त्या रांगेत कळलं. जगातल्या यच्चयावत गोष्टींवर मत देणारा मी, एवढी एक गोष्ट बोलायला मला वर्ष लागलं. बोललो तेव्हा ती म्हणाली, “बाटली नीट धर, सांडशील.” आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, “माझंही तेच आहे.”

आम्ही घरी सांगणार, तेवढ्यात तिच्या वडिलांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी ऑफिसातले आकडे दिसेनात, मग माणसं दिसेनात. नोकरी गेली. घरात आजारी आई आणि शाळेत जाणारे दोन भाऊ. दूध केंद्रावरचं सकाळचं काम पुरेना, म्हणून ती अंधेरीच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. कायमची नोकरी होती. घर तिच्यावर चालू लागलं आणि बरं चाललं. कोणी भेटायला आलं की तिचे वडील आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणायचे, “ही माझी मुलगी नाही, मुलगा आहे मुलगा!” ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी छाती फुगली. वाक्य माझं होतं.

अधूनमधून तिला स्थळं येत. एका मुलाची नोकरी कच्ची निघाली, दुसऱ्याची पत्रिका जुळली नाही, तिसऱ्याचं घर तिच्या वडिलांना लांब वाटलं. प्रत्येक वेळी ते म्हणत, “बघू.” मी आपला मनातल्या मनात खूश. एके दिवशी भाकरी थापताना आई म्हणाली, “तो तिका कोणाक देवचो नाय. दुभती गाय कोण इकता?” मी आईवर इतका भडकलो की ताटावरून उठलो. असलं बोलणं शोभतं का म्हणून तिला सुनावलं. तिनं माझं ताट झाकून ठेवलं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पवईच्या तलावावर गेलो होतो. ती बांधावर बसून पाण्यात खडे टाकत होती. म्हणाली, “तू येऊन विचार माझ्या अण्णांना. मी हो म्हणणारेय. त्यांच्यासमोर म्हणेन.” तिला एवढ्या ठामपणे बोलताना मी आधी पाहिलं नव्हतं. परत येताना आम्ही लग्नात कोणाला बोलवायचं नाही यावरसुद्धा भांडलो.

मी गेलो. नखांत बसलेलं मशीनचं तेल रॉकेलनं घासून काढलं होतं, आईनं धुतलेला शर्ट घातला होता. दारातून “काका” म्हणालो. लहानपणापासून “ये रे” म्हणणारे ते, त्या दिवशी माझा आवाज कोणत्या सुरात आलाय हे त्यांना कळलं असावं. म्हणाले, “बसा.”

त्या एका ‘बसा’नं मी शेजारच्या खोलीतून उठून कुठल्या कुठे फेकला गेलो. तरी बोललो. मला तुमची मुलगी हवी आहे, तिलाही मान्य आहे, असं सरळ सांगितलं. ती आतल्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती.

“आहे मान्य,” कप पुढे ठेवत ती म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “तुम्हीच म्हणाला होतात ना, मुलगाच समजा. समजलो. तसंच समजून हे घर उभं आहे. आता तुम्हीच सांगा, मुलाला कोणी सासरी धाडतं का?”

रागानं बोलले असते तर मी भांडलो असतो. पण ते विनवल्यासारखं बोलले. मी कसाबसा म्हणालो, लग्नानंतरही तिचा पगार या घरातच येईल. ते म्हणाले, “जावयाच्या जिवावर जगू?” चहा घ्यायला त्यांनी हात पुढे केला. कप भलतीकडेच होता. तिनं खाली बसून त्यांचा हात धरला आणि कपावर नेऊन ठेवला.

“बघू,” ते मला म्हणाले.

मी अनेकदा विचार केला आहे, माझं कुठे चुकलं? मुलींनी नोकरी करावी हे माझं मत तेव्हा होतं, आजही आहे, मरेपर्यंत राहील. फक्त ‘मुलगा समजा’ असं म्हणायला नको होतं. मुलगीच समजा, आणि तरीही तिला तिच्या मनासारखं जगू द्या, एवढं म्हणायला हवं होतं. पण तसं म्हणण्याएवढी अक्कल तेव्हा चाळीत कोणालाच नव्हती, वकिलालाही नव्हती. माझंच वाक्य घेऊन त्यांनी मला दारातून परत पाठवलं. इतकं दुःख मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

मी तिला म्हणालो, कोर्टात लग्न करू. ती म्हणाली, “तू पाहिलंस ना, त्यांना कप दिसत नाही.”

“मग थांबतो मी. धाकटा मिळवता होईपर्यंत.”

धाकटा तेव्हा गॅलरीत गोट्या खेळत होता. आम्ही दोघांनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. तिला हसू आलं, आणि मग ते हसू तिला आवरेना, आणि मग ती रडत होती.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी बोरिवलीला खोली घेतली. अंधेरीला तिथून थेट लोकल, तिला बरं पडेल, असं तिच्या वडिलांनी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. सामान नाक्यावरच्या ट्रकपर्यंत न्यायला हातगाडीवर चढलं. तिचे वडील थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आमच्या दारात आले. “येतो हं. या सगळे एकदा बोरिवलीला,” म्हणाले. माझे वडील “येतो की” म्हणाले. कोणी येणार नव्हतं आणि कोणी जाणार नव्हतं.

ती सगळ्यांच्या शेवटी आली. आईच्या पाया पडली. आईनं तिच्या तळहातावर दही घातलं. बाहेर जाणाऱ्याला घालतात तसं, सुखरूप परत यावं म्हणून. तिनं ते चाटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“जाते मी.”

इतकी वर्षं मला ‘येतो’ म्हणायला लावणारी ती. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“येते म्हण,” मी म्हणालो.

तिनं तळहात पदराला पुसला.

“येते म्हण गं. तुझं काय जातं?”

“खोटं कशाला बोलू?” ती म्हणाली. “जाणाऱ्यानं जातो म्हणावं, तूच सांगतोस ना.”

ती जिना उतरली. मी कठड्याशी येऊन उभा राहिलो. हातगाडीमागून ती चालत होती, एका हातात पाण्याची कळशी, दुसऱ्या हातात वडिलांचा हात. गल्लीच्या तोंडापर्यंत माझा आवाज सहज पोचला असता. एक हाक मारली असती तर ती वळली असती, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत असावं, कारण कोपऱ्यावर तिची पावलं हळू झाली.

आई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली होती. माझ्या दंडाला धरून ती म्हणाली, “अरे, हाक मार तिका. मार हाक!”

मी मारली नाही. जाणाऱ्याला मागून हाक मारू नये. तिचं काही वाईट झालेलं मला चाललं नसतं.