टेलिफोनबाईंचं कपाट

टेलिफोनबाईंचा राग कधी आवाजात यायचा नाही. सगळी नोकरी कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर गेली होती. पलीकडून कोणी कितीही खेकसलं तरी 'थांबा, जोडून देते' एवढंच म्हणायचं, ही सवय हाडीमाशी मुरलेली. निवृत्त झाल्या तरी गल्लीने नाव बदललं नाही. दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या, आणि आतल्या खोलीत भिंतभर लाकडी कपाट होतं.

कपाटाचे त्यांचे कायदे होते. अंगाला लागलेला कपडा धुतल्याशिवाय आत जायचा नाही, मग तो तासभरच का घातलेला असेना. घाम डोळ्यांना दिसत नाही, पण कापड खाणाऱ्या कसरीला बरोबर सापडतो. धुतलेला कपडा उलटा करून सावलीत वाळवायचा, शिवणी आणि खिशांचे तळ बोटांनी चाचपायचे, इस्त्रीची ऊब पूर्ण गेल्यावरच घडी घालायची. दर खेपेला घडी वेगळ्या जागी, म्हणजे कापड एकाच रेषेवर विरत नाही. डांबरगोळ्या चिंधीत बांधून कोपऱ्यात. आणि कोरडी हवा असेल त्या दिवशी दारं सताड उघडी.

अशा कपाटावर नातेवाइकांचा डोळा गेला नसता तरच नवल. आधी धाकट्या भावाचं एक ब्लँकेट आलं. मग त्याच्या बायकोचे स्वेटर, मुलांचे कोट, पाहुण्यांसाठीच्या रजया. येताना सगळं मळकं, जाताना धुतलेलं आणि इस्त्रीचं.

"ताई, तू तर एकटीच आहेस," धाकटा म्हणायचा, जणू एकटं माणूस उघडंच फिरतं.

सरकत सरकत टेलिफोनबाईंच्या वाट्याला कपाटाच्या दाराजवळची एक खुंटी उरली. त्या खुंटीवर त्यांचा काळा कोट असायचा. गायनमंडळाच्या कार्यक्रमात काळ्या कोटाशिवाय कोणाला उभं करत नसत. इतकी वर्षं त्या रांगेत गायल्या होत्या. यंदा पहिल्यांदाच दोन कडवी त्यांना एकटीला मिळाली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या भावाकडे राहायला गेल्या, तेव्हाही पट्टी बांधल्या डोळ्याने तीच कडवी गुणगुणत पडायच्या. तेवढ्या काळात घराची किल्ली भावजयीकडे होती. 'जाऊन आवरून येते हं' म्हणून ती दोनदा जाऊनही आली.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री टेलिफोनबाई घरी परतल्या आणि सकाळी त्यांनी कपाट उघडलं. खुंटीवर भावजयीची नवी शाल होती, शालीखाली तिचाच ओव्हरकोट. काळा कोट कपाटाच्या डोक्यावर सापडला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेला. पट्टी सोलली आणि तळघरासारखा कुबट भपकारा आला. खांद्यांवर आणि कॉलरखाली पीठ सांडल्यासारखी पांढरी बुरशी.

त्या गॅलरीत नेऊन कोट ब्रशने झटकत होत्या, तेवढ्यात दाराशी भाऊ-भावजय हजर. दोघांच्या चारही हातांत फुगलेल्या पिशव्या.

"अगं बाई, कोट काढलात?" भावजय म्हणाली. "मीच नीट बांधून ठेवला होता. आधी ओल्या फडक्याने छान पुसून घेतला."

"आणि वाळवला?"

"हाताला कोरडाच लागत होता की."

"बाहेरून."

"एवढी पट्टी लावली ताई, मुंगीसुद्धा शिरली नसती."

"मुंगी नाही शिरली. पाणी बाहेर आलं नाही."

धाकटा हसला. हसायला नको होतं हे त्याला उशिरा कळलं. "जाऊ दे ना. संध्याकाळी आमच्याकडचा एखादा काळा कोट घाल. आणि हे एवढं आत टाक, थंडी संपली. धुवायची कटकट नाही, एकदाच घातलंय सगळं."

टेलिफोनबाईंनी ब्रश खाली ठेवला. आत जाऊन कपाटाची दोन्ही दारं उघडली आणि रजया काढायला लागल्या. पहिली धाकट्याच्या हातांवर, दुसरी त्या पहिलीवर. त्याची हनुवटी दिसेनाशी झाली.

"अहो, हे काय?" भावजय म्हणाली. "आमच्याकडे ठेवायला जागा कुठाय?"

"कोचावर ठेव."

"आणि बसायचं कुठे?"

"रजयांवर. मऊ आहेत, मीच धुतल्यात."

"ताई, मी चांगल्यासाठी केलं. माझ्या जागी दुसरी असती तर हातसुद्धा लावला नसता."

"तीच पाठव पुढच्या वेळी."

जिन्यातून चार फेऱ्या झाल्या. शाल भावजयीने स्वतःच काढून नेली, तोंड फुगवून. शेजारच्या बाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "भाऊ घर सोडून चाललेत का?" टेलिफोनबाई म्हणाल्या, "माझं."

कोट काही घालण्याजोगा झाला नाही. बुरशी झडली, वास हटेना. कोणाचाही उसना कोट घ्यायचा नाही, एवढं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी राखाडी स्वेटर घालून त्या सभागृहात गेल्या. मंडळाच्या प्रमुखबाई आडव्या आल्या. "कोट?"

"वाळत घातलाय. गळा बरोबर आणलाय."

प्रमुखबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. फक्त मागच्या रांगेत, टोकाला उभं केलं. त्यांच्या दोन कडव्यांच्या वेळी लोक आवाज कुठून येतोय ते माना उंचावून शोधत होते. गाणं संथ होतं, हळुवार म्हणायचं होतं. त्यांनी ते हळुवार म्हटलं नाही. पुढच्या रांगेतल्या बाईने नंतर सांगितलं की तिच्या मानेवरचे केस उभे राहिले.

बाहेर धाकटा वाट बघत होता. "ताई, झकास. खरंच. बरं, सकाळचा राग गेला असेल तर... निदान रजया तरी रविवारी..."

टेलिफोनबाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. भावजयीपुढे तळवा धरला.

"माझ्या घराची किल्ली."

"अहो, आत्ता इथे? एवढ्या लोकांत?"

"आत्ता."

भावजयीने पर्स चाचपायला सुरुवात केली, रुमाल काढला, चष्म्याचं घर काढलं, परत ठेवलं. टेलिफोनबाई हात पुढे करून उभ्या राहिल्या. थांबायची त्यांना आयुष्यभराची सवय होती.