चिमट्यातला कान

कंपाउंडरनं माझा कान चिमट्यात धरला, हात लांब केला आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "दूर सरक बाई. वास येऊन राह्यला. तुमच्या लोकाइले आंघोळीचं वावडंच."

कान प्लास्टिकचा. खरा कान वणीच्या कापसाच्या जिनात गेला. पदर मशीनच्या पट्ट्यात अडकला, त्याच्यासोबत. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात हा बनवून दिला. डिंकासारख्या औषधानं चिकटवायचा. दर सोमवारी आमच्या इथल्या दवाखान्यात कंपाउंडर तो काढून धुणार, परत लावणार. मी हात लावायचा नाही. "तुले काय समजते त्यातलं? बिघडवशील," हे त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मुकादमानं सांगितलं होतं, वास गेला नाही तर कामावर येऊ नको. रात्री नवरा पाठ करून झोपायचा. दमला असेल बिचारा, पण मला ते खरं वाटेना. मीच आतून सडते आहे, असं वाटायचं. रिठ्यानं घासून अंग सोलून काढलं. वास तसाच.

त्या सोमवारी मी मान खाली घातली नाही. त्याच्या हाताकडे बघत राहिले. चिमट्यातल्या कानावर त्यानं वरून लाल औषधाचं पाणी ओतलं. उलटा केला नाही. बोट लावलं नाही. झालं धुणं. माझ्या आधी पाटलीणबाईंची कवळी मात्र त्यानं तळहातावर घेऊन चोळली होती.

मी कान ओढून घेतला आणि उलटा केला. आत जुन्या डिंकाचे थरावर थर. त्यावर हिरवी-काळी बुरशी, शिळ्या भाकरीवर येते तशी.

नागपूरहून आलेला कागद माझ्या केसपेपरला टाचलेला होता. तो उचलला. धम्म घेतल्यावर मी विहारात वाचायला शिकले होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. अडखळत, पण मोठ्यानं वाचलं, "रोज रात्री कान काढून ठेवावा. जुना थर बोटांनी पूर्ण काढावा. साबण व थंड पाण्याने आतून घासावा. कोरडा करावा."

"कागद ठेव. तो दवाखान्याचा हाये," तो म्हणाला.

"बोटानं काढा असं लिवलं हाये," मी म्हटलं. "चिमट्यानं नाई."

त्याच्याच साबणानं, त्याच्याच घमेल्यात, रांगेसमोर मी कान घासला. तो शिवत नव्हता म्हणून ती बुरशी वाढली होती, आणि नाव माझ्या अंगाचं घेत होता. मला त्याची घाण वाटली.

तो कागद मी परत दिला नाही. कान मीच धुते. आता दवाखान्यात कुणी काही सांगितलं की मी आधी त्याचे हात बघते, मग म्हणते, कागद दाखवा. दाखवल्याशिवाय मी जागची हलत नाही.