उदबत्तीच्या खोक्यातून दर्शन

देवघरातले निर्माल्य साठले की त्याचे विसर्जन करता येते. किस्से साठले की ते सांगूनच मोकळे व्हावे लागते! बेसा वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी पूजेनंतर इमारतीतली सहा-सात मुले जमतात आणि टाकाऊ वस्तूंतून काहीबाही घडवतात. नियम दोनच. केलेली वस्तू आधी देवाला दाखवायची आणि जमली नाही तरी प्रसाद घ्यायचा. या रविवारांनी माझी झोळी काठोकाठ भरली आहे.

*

काटोलहून भाच्याने संत्री पाठवली होती. अर्ध्या सालीत मधला पांढरा दोर तसाच ठेवून तेल ओतले की त्याची वात होते. सर्वांचे दिवे लागले, पण दुसरीतल्या तन्मयचा तीनदा विझला. इकडे आमच्या सौभाग्यवती आरतीचे तबक घेऊन उभ्या. तन्मय मान वर न करता देवाला म्हणाला, "थांब ना गा जरा, काम चालू आहे!"

देव थांबला. साठ वर्षांच्या पूजेत त्याला इतक्या हक्काने मी कधी थांबवले नव्हते!

*

पुढे याच तन्मयने विचारले, "आबा, देव खाते, त मंग शिरा कमी काहून नाही होत?"

उत्तरादाखल मी त्याला हँगर आणि दोन करवंट्या दिल्या. मुलांनी तराजू केला. एका करवंटीत वाफाळता शिरा, दुसरीत तेवढ्याच वजनाचे खडे. अर्ध्या तासाने पाहतो तो शिऱ्याचे पारडे वर! माझे हात आपोआप जोडले गेले.

"आबा, वाफ गेली त्याच्यातली," तन्मय म्हणाला.

"कुठे गेली?"

त्याने बोट वर केले!

*

आरतीला आपोआप घंटा आणि नगारा वाजवणारे आमचे यंत्र बिघडले, तेव्हा मी ते मुलांच्या स्वाधीन केले. त्यांनी ते उघडले, पुसले, पुन्हा जोडले. तीन स्क्रू उरले! तरीही यंत्र चालू झाले. फक्त ठेका निम्म्याने संथ झाला.

सौभाग्यवती म्हणाल्या, "राहू द्या. आता कुठे तुमच्या वयाले शोभते!"

*

ते उरलेले स्क्रू कागदात बांधून माझ्या हातात ठेवणारी जुई. वय आठ. तिची आई वर्षा एकदा दारातच रडवेली झाली होती. "काका, घरात हिची टकळी थांबत नाही आणि उंबऱ्याबाहेर एक शब्द नाही. शाळेत तोंडी परीक्षेले नुसती उभी राहते. कसं होईन हिचं?"

मी म्हटले, "पोरी, आमच्याकडे तिला कोणी बोल म्हणणार नाही."

मुलांनी ते पाळले. नव्या मुलाने तिला नाव विचारले, तर तन्मयनेच बजावले, "तिले नाही विचाराचं. तिचे हात बोलतेत!"

त्या हातांनी एका रविवारी उदबत्तीची लांब खोकी जोडून दोन टोकांना दोन आरसे तिरके बसवले. खालून पाहावे, तर बाल्कनीच्या कठड्यापलीकडचे मैनेचे घरटे दिसे. मुलांनी त्याचे नाव ठेवले 'उंटमान'.

*

रामनवमीला आम्ही सारे रामटेकला गेलो. गर्दी अफाट. वर्षा लोटली जाऊन थेट पुढे पोहोचली. जुई माझ्यापाशी मागेच राहिली. तिने सोबत आणलेले उंटमान डोळ्यांना लावले आणि हसली. शेजारी कमरेत वाकलेली एक म्हातारी टाचा उंचावून थकली होती. "नाही दिसत रे रामा," एवढेच पुटपुटली.

जुईने तिच्याकडे पाहिले. मग खोके तिच्या डोळ्यांपाशी नेले.

"आजी, याच्यातून पाहा. दिसते."

म्हातारीने पाहिले. किती तरी वेळ पाहिले. डोळे पुसून तिने हातातले झेंडूचे फूल त्या खोक्यावरच वाहिले! झाले. भोवतीची माणसे सरसावली, "मले बी दाखव वं पोरी!"

"ढकलून काहून राहिले गा?" जुईचा खणखणीत आवाज सभामंडपात घुमला. "लाईन लावा! एकेक जण!"

माणसांनी मुकाट्याने रांग लावली.

गाभाऱ्यापासून चार पावलांवर पोहोचलेल्या वर्षाने तो आवाज ऐकला. ती वळली, गर्दी कापत मागे आली आणि लेकीच्या रांगेत सर्वांत शेवटी हात जोडून उभी राहिली.