करपलेल्या कुरडया

आंबलेल्या गव्हाच्या चिकाचा वास आला की मला सिंदी रेल्वे या गावातलं आमचं अंगण आठवतं. सत्तरच्या दशकातला, लग्नानंतरचा माझा पहिला उन्हाळा. शेजारीण चुलीवर कुरडयांचा चीक ढवळत होती आणि मी तिला वाचनालयातली कादंबरी वाचून दाखवत होते. कादंबरीत एक गोंड राजकन्या होती, तिच्यावर जीव असलेला हबशी सरदार होता आणि दोघांच्या चिठ्ठ्या पोचवणारी एक अत्तरवाली म्हातारी होती. राजकन्येची होडी पुरात उलटली आणि शेजारणीचा हात थांबला. करपल्याचा वास सुटला तशा सासूबाई घरातून बाहेर आल्या. कादंबऱ्यांवर त्यांचा राग होता. आता पुस्तक चुलीत जाणार असं वाटून मी ते पदराखाली घेतलं. त्यांनी पातेल्यात पाहिलं, शेजारणीच्या हातातला चाटू घेतला आणि स्वतःच ढवळत म्हणाल्या, “थांबली काऊन? वाच पुढं. त्या पोरीले काढलं का त्यानं?” त्या वर्षी कुरडया लालसर झाल्या. पाहुण्यांनी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, “पोरगी पाण्यात होती ना बाई, चिकाकडं कोण पाह्यते?” हल्ली मी कुरडया विकत आणते. पांढऱ्याशुभ्र असतात. त्या घालणारीला कोणी काही वाचून दाखवलेलं नसतं.