वसंता काय म्हणाली

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलं नाही, आणि आता ऐकायला ते नाहीत. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — बहुधा म्हणूनच जीभ वळते आहे.

आमच्या तंजावुरात नेट्टीचं काम चालतं. तळ्यात उगवणाऱ्या एका झाडाचा पांढरा गाभा, कापसासारखा हलका. बायका घरी बसून पात्याने तो कोरतात — देवळं करतात, पोंगलला गुरांच्या गळ्यात घालायच्या माळा करतात. वसंता त्यांतली. मागच्या गल्लीत राहते, मला अम्मा म्हणते. नवरा लकव्याने पडलेला. त्याची कूस बदलायची, त्याला कांजी भरवायची, आणि मधल्या वेळात पातं चालवायचं.

या बायकांना मदत करणाऱ्या तीन संस्था होत्या. पुण्याची हत्यारं देई, दिल्लीची शिकवी, परदेशातली माल प्रदर्शनांत नेई. तिन्ही वेगवेगळ्या येत आणि तेच तेच विचारून जात. "अम्मा, ह्यांचं आपसांत बोलणं नाही का? भांडलेल्या जावा आहेत की काय?" वसंता एकदा म्हणाली, आणि आम्ही किती हसलो! मग खरंच त्यांचं जुळत आलं. पैसा एकत्र, देखरेख एकत्र, आणि सगळ्या बायकांचं काम एका शेडमध्ये, असा बेत होता. सगळ्यांनाच सोपं, म्हणाले. सगळ्यांना म्हणजे कुणाला — हे मी तेव्हा विचारायला नको होतं का?

मी मधे कशी आले, तर मराठीमुळे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरचे, पण घरात मराठीच बोलतो. माझं इंग्रजी अर्धंमुर्धं. पण पुण्याच्या संस्थेतल्या बाई माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, "काकू, किती गोड बोलता हो तुम्ही!" आता बघा — पुण्याकडचे आमचे नातेवाईक आमच्या मराठीला जन्मभर हसत आले. गोड कुणी म्हटलं नव्हतं. मी विरघळले. बायकांचं तमिळ मी मराठीत सांगायचं, बाईंनी ते बाकीच्यांना इंग्रजीत सांगायचं, असं ठरलं.

तिन्ही संस्थांच्या बैठकीला जाताना गाडीत बाई म्हणाल्या, "काकू, दिल्लीवाले अजून काठावर आहेत. आज एक नकार आला तर उठून जातील. आणि शेड झाली की ती सांभाळायची तुम्हीच हं."

बैठकीत वसंता उभी राहिली. पदर खोचून, न अडखळता बोलली. काय म्हणाली — ते अजून शब्दन् शब्द कानात आहे. "एका जागी बसवू नका. मला घर सोडून येता येणार नाही, माणूस अंथरुणात आहे. घरीच करू द्या, सांगाल तेवढं करून देईन."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत दोन्हीकडचं कळणारी मी एकटीच होते.

मी म्हटलं — "ती म्हणते, सगळ्यांनी एकत्र बसून काम केलं तर आम्हाला बळ येईल."

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं आणि टाळ्या वाजल्या. वसंताला वाटलं, आपलं म्हणणं मान्य झालं. तिने हात जोडले, डोळे पुसले. माझ्याकडे बघून हसली.

शेड झाली. मदत मिळणार ती तिथे येऊन बसणाऱ्यांनाच. वसंता आली नाही, कशी येणार? आता ती फुलवाल्यासाठी घरी मोगऱ्याचे गजरे गुंफते. पातं सुटलं.

तीन संस्था फुटू नयेत म्हणून मी असं केलं, असं मी वर्षानुवर्षं मनाला सांगत आले. बाकीच्या बायकांचं भलं झालंच की! झालं, खोटं नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात बाकीच्या बायका होत्या का? नव्हत्या. बाईंचा चेहरा होता. आणि शेडची किल्ली. ती किल्ली अजून माझ्याच कमरेला आहे. रोज सकाळी कुलूप मीच काढते, संध्याकाळपर्यंत तिथेच बसते. सोडू म्हटलं तर सगळ्या विचारतील, का? काय सांगू?

आणि वसंता — तिने मला कधी दोष दिला नाही. उलट माझीच समजूत घालते. "तुम्ही सांगितलंत की अम्मा. ऐकून टाळ्यासुद्धा वाजवल्या मेल्यांनी! मोठी माणसं ती, मनात येईल तेच करणार." दर पोंगलला ती एकच माळ कोरते, माझ्यासाठी. "गाय नाही तर स्कूटीला घाला!" म्हणते. मी घालते. तिच्यासमोर घालते.

देवनागरी मी उतारवयात, एकटीने, जुन्या पंचांगावरून शिकले. इथे ती वाचणारं फारसं कुणी नाही. माझ्या सुनेला येत नाही, नातवंडांना येत नाही. वसंताच्या हाती हा कागद दिला तरी तिला कळायचं नाही. हे मराठीत लिहायला बसले, तेव्हाच मला ते ठाऊक होतं.

तिला सांगायचं तर तमिळमध्ये दोन वाक्यं पुरतील. ती मला येतात.