उलटी लव

नाट्यगृहांचे पडदे शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव आईनं ठेवलेलं. त्यात आजार वगैरे असेल हे आईला दिसलं नव्हतं. फक्त लेकीच्या डोळ्यांदेखत दूध उतू जाताना दिसलं होतं. चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी तिच्या भिरभिरत्या लक्षाला एडीएचडी असं भारदस्त नाव दिलं आणि रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. ही गोळी सगळं औषध एकदम सोडत नाही. दिवसभर थोडंथोडं सोडते. भिंगरीचं लक्ष जागेवर बसलं आणि काठ दुमडणारी बाई कापायच्या टेबलाशी उभी राहिली. तिथं ही बढती म्हणजे राज्याभिषेकच. शिवण उसवता येते. कापलेलं परत जुळत नाही.

बरेच दिवस कात्री सरळ चालली. मग दुपारच्या चहानंतर ती भरकटू लागली. आधी मापात गफलत झाली, ती सावरली. नंतर मखमल.

मखमलीला लव असते. लव खाली वळलेली असली की कापड एका रंगाचं दिसतं, वर वळलेली असली की दुसऱ्या. भिंगरीनं पडद्याचा एक भाग उलटा कापला. टांगल्यावर पडदा अर्धा डाळिंबी, अर्धा विटकरी.

"भिंगरे," मालकीणबाई म्हणाल्या, "हा पडदा आहे की झेंडा?"

"चुकलं, बाई."

"ते शेवटच्या रांगेतूनही दिसतंय. पुढच्या आठवड्यात नवं कापड येईल. ते तुझ्या हातात देऊ की नको, तूच सांग. काठ दुमडायला माणूस हवंच आहे मला."

घरी ती नवऱ्याला म्हणाली, "औषध अंगात मुरलं माझ्या. आता लागू पडत नाही."

"मुरायला ते काय लोणचं आहे?" नवरा म्हणाला. तो कुलपं दुरुस्त करायचा आणि त्याला रिकामी डबी टाकवत नसे. त्यांच्या घरी चहापत्तीच्या डब्यात खिळे असत आणि खिळ्यांच्या डब्यात लवंगा. तरी बायकोचा चेहरा पाहून तो डॉक्टरीणबाईंकडे सोबत गेला.

बाईंनी डबीतल्या गोळ्या तळहातावर ओतल्या. "ह्या ह्या डबीतल्या नाहीत."

नवरा छताकडे बघू लागला.

"अहो?" भिंगरी म्हणाली.

"मीच भरल्या ह्यात. औषधवाला म्हणाला, तेच आहे, फक्त कंपनी दुसरी. आणि ही डबी चांगली होती. झाकण गच्च बसतं."

"मग मला सांगायचं नाही?"

"तेच आहे म्हटल्यावर सांगायचं काय?"

"औषधवाला खोटं बोलला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध तेच, ताकद तीच. पण ते दिवसभर कसं सोडायचं, याची तऱ्हा प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते. बहुतेकांना फरक जाणवत नाही. ह्याच गोळीवर कितीतरी जण मजेत आहेत. एखाद्याच्या बाबतीत मात्र तिचा असर दुपारीच उतरतो."

"मनाचे खेळ नसतील ना?" नवऱ्यानं आशेनं विचारलं.

"गोळी बदलल्याचं कळून घाबरली म्हणावं, तर तिला ते कळायला हवं होतं. ते कळू नये ही काळजी तुम्ही घेतलीत." त्यांनी जुनी गोळी पुन्हा लिहून दिली. "पुढं दुसऱ्या कंपनीची घेऊन बघू. पण मला विचारून, आणि तिच्याच पाकिटात."

डबी त्यानं ठेवलीच. तिच्यावर चिठ्ठी लावली, ‘आत स्क्रू’. त्या घरात लिहिलेलं आणि आतलं जुळणारी ती पहिली डबी.

मालकीणबाईंना हे पटायला जड गेलं. "म्हणजे औषध तेच, आणि वेगळंही? मला शिकवतेस?"

भिंगरीनं वाया गेलेल्या मखमलीचा तुकडा उजेडात धरला. "हे कापड तेच ना, बाई?" मग खालचं टोक वर केलं. "आणि आता?"

बाईंनी तुकडा स्वतः फिरवून पाहिला. "जीभ बरी सरळ चालते तुझी. कात्रीचं बघू."

नवं कापड आलं. बाईंनी ते मुद्दाम दुपारच्या चहानंतर तिच्यापुढं टाकलं आणि टेबलाशी वाकून हरवलेली टाचणी शोधू लागल्या. भिंगरीनं तळहात फिरवून लव पाहिली, प्रत्येक भागावर खडूनं बाण काढला, सगळे बाण पुन्हा एकदा बघितले आणि कात्री घातली. शेवटचा भाग सुटा होऊन पडला, तेव्हा सगळे बाण एकाच दिशेला होते.

"सापडली टाचणी," बाई म्हणाल्या आणि रिकाम्या हातानं निघून गेल्या.